रस्त्यावरच्या टायरच्या खुणा: मराठवाड्यातल्या वाहनचालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अपघात झाला की जमलेल्या गर्दीतला कुणीतरी पावलं टाकत काळ्या पट्ट्याची लांबी मोजतो आणि "शंभरच्या वर होती गाडी" असा निकाल देऊन मोकळा होतो. लांबी महत्त्वाची असतेच, पण ती सगळ्यात शेवटी बघायची. आधी बघायचं ते खूण कुठून सुरू झाली, कुठे गडद झाली, कुठे वाकली आणि तिच्या अंगावर रेषा कशा पडल्या आहेत ते. गाडीचं वजन त्या क्षणी कोणत्या चाकावर होतं आणि चाक फिरत होतं की घासत होतं, हे त्यातून कळतं. गावोगावी जे प्रश्न ऐकू येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

खूण उमटते ती टायरच्या रबराची असते की आणखी कशाची?

रस्त्यावर अवलंबून आहे. चाक लॉक होऊन, म्हणजे फिरायचं थांबून, घासायला लागलं की टायर आणि रस्ता यांच्यात प्रचंड उष्णता तयार होते. डांबरी रस्त्यावर या उष्णतेने वरचं डांबर वितळतं आणि पसरतं. म्हणजे तिथली काळी खूण बऱ्याच अंशी रस्त्याच्याच डांबराची असते, रबराचा वाटा कमी. सिमेंट काँक्रीटवर वितळायला डांबरच नाही. तिथे टायर खोडरबरासारखा झिजतो आणि त्याचा चुरा खरखरीत पृष्ठभागात अडकतो. म्हणून काँक्रीटवरची खूण करडी, पुसट आणि लवकर उडून जाणारी असते.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी डांबर आधीच मऊ असतं. काही ठिकाणी ते वर येऊन रस्ता चकाकतो. अशा जागी हलक्या ब्रेकनेही ठळक पट्टा पडतो. तोच ब्रेक जानेवारीच्या पहाटे मारला तर जेमतेम सावलीसारखी खूण दिसेल. त्यामुळे नुसत्या काळेपणावरून वेगाचा अंदाज बांधू नये.

काळा पट्टा दिसला म्हणजे ब्रेक मारला होता, हे नक्की ना?

नाही. जोरात गाडी पळवतानाही चाक जागेवर फिरून पट्टा पडतो. दोन्हींतला फरक टोकांकडे बघून कळतो. ब्रेकची खूण सुरुवातीला पुसट असते आणि पुढे गडद होत जाते, कारण टायर तापायला वेळ लागतो. गाडी थांबते तिथे ती अचानक संपते. पळवल्याची खूण याच्या उलट, सुरुवातीलाच सगळ्यात गडद आणि पुढे विरत जाणारी. रात्री मोकळ्या रस्त्यावर पोरं स्टंट करतात, त्यांचे पट्टे दुसऱ्या दिवशीच्या अपघाताच्या नावावर जमा होतात, म्हणून हा फरक माहीत असलेला बरा.

तिसरी खूण वळणात आडव्या घसरणाऱ्या चाकाची. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

लांबीवरून वेग काढतात तो हिशेब काय आहे?

गाडीच्या अंगात असलेली गतिज ऊर्जा घर्षणात संपते, एवढंच त्यामागचं तत्त्व. त्यातून सूत्र निघतं:

वेग (ताशी किमी) = √(२५४ × घर्षणांक × खुणेची लांबी मीटरमध्ये)

घर्षणांक म्हणजे टायर रस्ता किती घट्ट धरतो त्याचा आकडा. चांगल्या, कोरड्या डांबरी रस्त्यावर कारसाठी घर्षणांक ०.७ च्या आसपास धरतात. ३० मीटर खूण असेल तर २५४ × ०.७ × ३० = ५३३४, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे ७३. म्हणजे खूण सुरू झाली तेव्हा गाडी *किमान* ७३ च्या वेगाने होती.

किमान का, तर पाय ब्रेकवर पडल्यापासून चाक पूर्ण लॉक होईपर्यंत थोडा वेग कमी झालेला असतो आणि त्याची खूण डोळ्यांना दिसत नाही. शिवाय हे सूत्र गाडी घासत घासत पूर्ण थांबली असं धरून चालतं.

सूत्रात वर्गमूळ आहे, हे लोक विसरतात. खूण दुप्पट लांब म्हणजे वेग दुप्पट, असं नाही. ४० च्या वेगाने लॉक झालेली कार कोरड्या रस्त्यावर ९ मीटरमध्ये थांबते, ८० च्या वेगाने ३६ मीटर घेते. वेग दुप्पट झाला, लांबी चौपट झाली.

खूण ३० मीटर आणि तिच्या टोकाला गाडी झाडावर आदळलेली. मग वेग किती?

धडकेच्या वेळचा वेग वेगळा काढावा लागतो. गाडी किती चेपली, आदळल्यावर किती सरकली, यावरून जाणकार तो ठरवतात. समजा तो ४० निघाला. आता ७३ आणि ४० यांची सरळ बेरीज करून ११३ म्हणायचं नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. ७३ चा वर्ग अधिक ४० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ सुमारे ८३. चहाच्या टपरीवर ११३ ठरलेला वेग प्रत्यक्षात ८३ असतो, आणि तीस किलोमीटरचा हा फरक कोर्टात एखाद्याचं आयुष्य इकडचं तिकडे करू शकतो.

पुढच्या चाकांचा पट्टा मागच्यापेक्षा गडद का असतो?

ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जातं. वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची चाकं हलकी होतात. ज्या चाकावर भार जास्त, त्याची खूण गडद. बऱ्याचदा मागच्या चाकांची खूण दिसतच नाही, किंवा पुढच्या पट्ट्यात मिसळून जाते.

भार वाढला की टायरच्या कडा जास्त दाबल्या जातात, म्हणून जोरदार ब्रेकमध्ये पुढच्या पट्ट्याच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा ठळक दिसतात. टायरमध्ये हवा कमी असली तरी असंच होतं. हवा जास्त भरलेली असेल तर उलट, मधलाच भाग उमटतो.

मोजताना इथे एक गफलत होते. मागच्या चाकाची खूण जिथे सुरू होते तिथून टेप धरायचा आणि पुढच्या चाकाची जिथे संपते तिथे सोडायचा, असं केलं तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फुकट मोजलं जातं. लहान कारमध्ये ते अडीच मीटरच्या आसपास असतं, ते वजा करायला हवं.

वळणावरच्या वाकड्या खुणा कशा वाचायच्या?

सगळ्यात जास्त माहिती देणारी खूण हीच, आणि पंचनाम्यात सगळ्यात वाईट नोंदही हिचीच होते. "गाडी घसरल्याच्या खुणा" एवढ्या तीन शब्दांत ती उरकली जाते.

सावकाश वळणाऱ्या कोणत्याही गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून जातात. एसटी चौकात वळताना तिचं मागचं चाक फुटपाथला लागतं ते यामुळेच. वेग फार वाढला की टायरची पकड अपुरी पडते, गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि मागच्या चाकांचा मार्ग पुढच्या चाकांच्या मार्गाच्या *बाहेर* जातो. वाकड्या खुणांत मागच्या चाकाची खूण पुढच्या चाकाची खूण ओलांडून बाहेर गेलेली दिसली, तर गाडी त्या जागी चालकाच्या हाताबाहेर गेली होती असं समजावं.

दुसरं म्हणजे वजन बाहेरच्या बाजूला कलतं. उजव्या वळणात डावीकडची चाकं आणि डाव्या वळणात उजवीकडची चाकं गडद खूण सोडतात. कधी कधी फक्त बाहेरच्या पुढच्या चाकाचीच एक कमानदार रेघ सापडते.

तिसरी गोष्ट बघायला वाकावं लागतं. या खुणेच्या अंगावर तिरक्या बारीक रेषा असतात. टायर ज्या दिशेला घासला, ती त्या रेषांची दिशा. चाक मोकळं फिरत आडवं घसरत असेल तर रेषा चाकाच्या आसाला साधारण समांतर पडतात. चालकाने त्यात ब्रेक दाबलेला असेल तर त्या खुणेच्या लांबीकडे झुकतात, आणि चाक पूर्ण लॉक झालं तर खुणेला समांतर होतात. म्हणजे "मी ब्रेक मारला होता" किंवा "मी ब्रेकला हातही लावला नाही, गाडीच फिरली" यातलं खरं काय, याचा पुरावा त्या रेषांमध्ये असतो. दोन दिवस वाहतूक गेली की पट्टा राहतो, पण रेषा पुसल्या जातात.

वेगही काढता येतो. खुणेच्या सुरुवातीच्या भागावर २० मीटर दोरी ताणायची आणि दोरीच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर मोजायचं. ते ८० सेंटीमीटर निघालं तर कमानीची त्रिज्या जवळपास ६३ मीटर येते. मग वेग = √(१२७ × घर्षणांक × त्रिज्या), म्हणजे ०.७ घर्षणांकाला सुमारे ७५. पण सावध राहा, तेच अंतर चुकून ७० सेंटीमीटर मोजलं तर उत्तर ८० येतं. दहा सेंटीमीटरच्या चुकीत पाच किलोमीटरचा फरक. आणि हे सूत्र फक्त आडव्या घसरणीसाठी आहे. खुणेत जोरदार ब्रेकही मिसळलेला असेल तर ते लावू नये.

नव्या गाड्यांच्या खुणाच दिसत नाहीत. म्हणजे चालकाने ब्रेक मारलाच नाही का?

हा निष्कर्ष काढायची घाई सगळ्यांनाच असते. एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा, असलेल्या गाडीत चाक लॉक व्हायला लागलं की यंत्रणा त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करते आणि पुन्हा धरते, सेकंदात अनेक वेळा. टायरची सगळ्यात जास्त पकड चाक पूर्ण लॉक झाल्यावर मिळत नाही. चाक गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते २० टक्के हळू फिरत असताना ती मिळते, आणि एबीएस तिथेच चाकाला राखायचा प्रयत्न करतं. शिवाय चाक फिरत राहिल्याने स्टिअरिंग ऐकतं. लॉक झालेलं पुढचं चाक कितीही वळवा, गाडी सरळच जाते.

यामुळे एबीएसची खूण फिकट आणि तुटक-तुटक सावल्यांसारखी असते. दुपारी १२ वाजता उभं राहून बघितलं तर दिसणारच नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना, रस्त्याजवळ डोळे नेऊन, लांबून बघावं लागतं. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना किमान पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागणारी यंत्रणा सक्तीची आहे. तेव्हा हा प्रश्न आता फक्त महागड्या गाड्यांचा राहिलेला नाही.

मोटरसायकलची एकच खूण असते. तिच्यावरून काय कळतं?

नागमोडी रेघ असेल तर मागचं चाक लॉक झालेलं होतं. मागचा ब्रेक पायाने करकचून दाबला की मागचा भाग डावी-उजवीकडे डोलतो. पुढचं चाक लॉक झालं तर खूण अगदी छोटी असते, कारण गाडी लगेच खाली पडते आणि पुढे लोखंड घासल्याचे ओरखडे सुरू होतात.

वेग काढताना मोठी चूक होते ती इथेच. फक्त मागचा ब्रेक लागला असेल तर वेग कमी होण्याचा दर जेमतेम निम्मा असतो, कारण ब्रेकमध्ये वजन पुढे गेलेलं असतं आणि मागच्या चाकाला रस्ता धरायला भारच उरत नाही. २० मीटरच्या खुणेला ०.७ लावलं तर वेग ६० येतो, ०.३५ लावलं तर ४२. खूण तीच, रस्ताही तोच.

भरलेला ट्रक थांबायला जास्त अंतर घेतो, म्हणून त्याची खूण लांब असते, बरोबर?

अर्धवट बरोबर. वर दिलेल्या सूत्रात वजन कुठेच नाही. वजन वाढलं तशी थांबवायची ऊर्जा वाढते, पण घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. ट्रक जास्त अंतर घेतो त्याची कारणं वेगळी. त्याच्या टायरचं रबर जास्त टिकाऊ आणि कडक असतं, त्यामुळे पकड कारपेक्षा कमी. एअर ब्रेकला हवा पोहोचायला वेळ लागतो. आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरला तर ब्रेकमध्ये चाक लॉक करण्याइतकी ताकदच उरत नाही. अशा ट्रकची खूण लांब नसते, ती नसतेच.

रिकाम्या ट्रकचं उलट. मागचा भाग हलका असल्याने लॉक झालेली चाकं उड्या मारतात आणि रस्त्यावर थोड्या-थोड्या अंतराने तुटक ठिपके पडतात. या उड्यांमधली अंतरं लांबीतून वजा करायची नसतात. पण चालकाने ब्रेक सोडून पुन्हा दाबला असेल तर मध्ये बरीच मोठी रिकामी जागा दिसते, ती मात्र सोडून मोजायची. मागच्या जोडचाकांचे दोन समांतर पट्टे दिसले की खूण अवजड वाहनाची, हे वेगळं सांगायला नको.

उसाच्या ट्रॅक्टरचं काय? गळीत हंगामात निम्मे अपघात त्यांच्याशीच जोडलेले वाटतात.

निम्मे की कमी, ते सोडा. पण धाराशिव, लातूर, बीड, परभणी भागात नोव्हेंबरपासून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, हे खरं. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरचे ब्रेक साधारण मागच्या मोठ्या चाकांवरच असतात. उतारावर ब्रेक दाबला की मागचा टनावारी ऊस ट्रॅक्टरला पुढे ढकलतो, जोडणीपाशी गाडी घडी घालते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. तिथे ट्रॅक्टरच्या जाड खाचांच्या टायरच्या आडव्या ओढल्यासारख्या खुणा सापडतात, ट्रॉलीच्या मात्र नाहीत. तिची चाकं शेवटपर्यंत मोकळी फिरत असतात.

मागून आदळणाऱ्या कारची गोष्ट वेगळी. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात दिसते तेव्हा अंतर उरलेलं नसतं. अशा जागी धडकेच्या आधीची खूण सापडत नाही, नंतरच्याच असतात. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ८० च्या वेगाने ३३ मीटर त्यातच संपतात.

घाटात हिशेब बदलतो का?

बदलतो. उतार असेल तर घर्षणांकातून उताराचं प्रमाण वजा करायचं, चढ असेल तर मिळवायचं. ५ टक्के उतारावर ०.७ चं ०.६५ होतं, आणि ८० च्या वेगाची खूण ३६ वरून ३९ मीटरच्या जवळ जाते. फरक लहान वाटतो, पण कन्नडचा औट्रम घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट इथे खरा प्रश्न वेगळाच असतो. सतत ब्रेक दाबून उतरल्याने ड्रम तापतात आणि ब्रेक लागणं बंद होतं. पेडल तळाला टेकलेलं, तरी चाक लॉक होत नाही आणि रस्त्यावर काही उमटत नाही. खूण नाही म्हणून चालकाला झोप लागली होती, असं लिहिण्याआधी ब्रेक लायनर तपासून घ्यावेत.

पावसात, चिखलात, सोयाबीनच्या राशीवर?

पहिल्या पावसात धूळ आणि सांडलेलं तेल पाण्यात मिसळून रस्ता सगळ्यात निसरडा होतो. चांगला जोर धरून पाऊस पडून गेला की धुऊन थोडा बरा होतो. ओल्या रस्त्याला घर्षणांक ०.४ धरला तर ८० च्या वेगाने ३६ ऐवजी ६३ मीटर लागतात. खूण मात्र उलट पुसट असते, कारण पाण्याने टायर तापत नाही.

आपली खास अडचण म्हणजे काळी माती. रानातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी ती डांबरावर आणली आणि वर भुरभुर पाऊस पडला की तिथे कुठलाच पुस्तकी आकडा चालत नाही. चार चाकांपैकी दोन चिखलावर आणि दोन कोरड्यावर असतील तर ब्रेक दाबताच गाडी कोरड्या बाजूकडे फिरते. ऑक्टोबरमध्ये रस्त्याच्या एका कडेला वाळत घातलेल्या सोयाबीनचंही तसंच. दाणे टायरखाली गोळ्यांसारखे फिरतात, त्या बाजूची पकड जाते, आणि रस्त्यावर फक्त एकाच बाजूच्या चाकांची खूण उमटते. रास उचलून नेली की दुसऱ्या दिवशी ती एकतर्फी खूण कोड्यासारखी वाटते. म्हणून फोटोत रास आलीच पाहिजे.

समृद्धी महामार्गावरच्या खुणा वेगळ्या का दिसतात?

नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो, आणि तो काँक्रीटचा आहे. वर सांगितल्याप्रमाणे तिथे खूण फिकट पडते. दुसरं कारण वेग. हलक्या वाहनांना १२० ची मर्यादा आहे, आणि १२० ला कोरड्या रस्त्यावर नुसतं घासत थांबायला ८१ मीटर लागतात, विचार करण्यात गेलेले ५० मीटर वेगळे. एवढ्या लांब खुणेच्या सुरुवातीचा पुसट भाग हमखास नजरेतून सुटतो आणि वेग कमी निघतो.

टायर आधी फुटला की धडकेने फुटला, कळतं का?

बऱ्याचदा कळतं. हवा गेलेला टायर फिरत राहिला तर त्याच्या दोन्ही कडांच्या डुगडुगत्या, वेड्यावाकड्या रेघा पडतात. पुढे रिम टेकली की रस्त्यावर खोल चरा निघतो. या खुणा धडकेच्या जागेच्या बऱ्याच आधी सुरू झाल्या असतील तर टायर आधी गेला.

धडक नेमकी कुठे झाली?

सरळ पट्टा जिथे एकदम बाजूला मोडतो तिथे. घासत असलेल्या चाकाला धडकेचा हिसका बसला की खूण तिथे कोयत्यासारखी वाकते. त्याच्या आसपास लोखंडाने खोदलेले खड्डे असतील तर आणखी पक्कं. काचांच्या ढिगावर मात्र भरवसा ठेवू नये, काच उडून लांब पडते.

आपण सामान्य माणसांनी काय करायचं?

आधी जखमी. १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ खाली संरक्षण आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका.

त्यानंतर, वाहतूक सांभाळून, फोटो. एक फोटो लांबून, किलोमीटरचा दगड किंवा ओळखता येईल असं झाड, दुकान, पूल त्यात यावं. मग खुणेच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा. खुणेशेजारी एखादी ठरावीक मापाची वस्तू ठेवा, चप्पल नको. उभं राहून काढलेल्या फोटोत तिरक्या रेषा दिसत नाहीत, म्हणून एक फोटो अगदी खाली वाकून. मोजमाप "अंदाजे ४० पावलं" असं न लिहिता टेपने, मीटरमध्ये, प्रत्येक चाकाचं वेगळं. पंचनाम्यावर पंच म्हणून सही करायची वेळ आली तर हे आकडे त्यात लिहिलेत का ते वाचून मगच सही करा, आणि रस्ता कोरडा होता की ओला, हेही लिहून घ्या. घर्षणांक त्यावरच ठरतो, आणि महिन्यांनी सुनावणीत ते कुणालाच आठवत नाही.